चांदमारीवरचे घड्याळ

कमरेचे पिस्तूल किती वेगाने उपसावे, किती क्षणांत किती गोळ्या झाडाव्यात आणि त्यांपैकी किती गोळ्या माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर नेमक्या छातीत बसाव्यात, याचे एक पद्धतशीर शास्त्र गेल्या अर्धशतकात जगभर रूढ झाले आहे. या शास्त्राचे पुरस्कर्ते ते निव्वळ तंत्र म्हणून पुढे मांडतात. सुतार रंधा चालवतो तसा शिपाई पिस्तूल चालवतो. हाताला सवय हवी, नजर स्थिर हवी, यात राजकारण कोठून आले, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल वरवर निरागस आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. चांदमारीच्या मैदानावर हाताला जी सवय लागते तीच पुढे रस्त्यावर, वस्तीत आणि पोलिसांच्या गाडीत प्रकट होते. आणि तेथे पडणारे प्रेत बहुतेक वेळा गरिबाचे असते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नेमबाजीच्या खेळावर येथे आक्षेप नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला आहे. त्या खेळातले लक्ष्य म्हणजे कागदावरची वर्तुळे असतात. प्रश्न आहे तो माणसाच्या आकृतीवर, शर्यतीच्या घड्याळाबरोबर केल्या जाणाऱ्या सरावाचा, आणि तो सराव राज्यसंस्थेच्या सशस्त्र नोकरांच्या अंगवळणी पाडण्याचा.

या सरावाची रचना पाहण्यासारखी आहे. नेमबाज पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून उभा राहतो. एक छोटे यंत्र शिटीसारखा आवाज करते आणि त्या आवाजाबरोबर घड्याळ सुरू होते. सात यार्डांवरून सहा गोळ्या, अथवा दहा यार्डांवरील तीन आकृत्यांवर प्रत्येकी दोन, मग काडतुसांचा साठा बदलून पुन्हा प्रत्येकी दोन, अशा ठरीव कवायती असतात. यंत्र प्रत्येक गोळीचा आवाज टिपते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब देते. या पद्धतीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात स्थापन झाली. तिच्या सामन्यांत मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेने भागून क्रमांक ठरवतात. तिने स्वीकारलेल्या लॅटिन ब्रीदाचा भावार्थ अचूकता, शक्ती आणि वेग असा आहे. विवेकाला त्या ब्रीदात जागा नाही.

यावर उत्तर दिले जाते की, ज्यांवर गोळी झाडायची नाही अशी लक्ष्येही या सामन्यांत असतात आणि त्यांना गोळी लागली तर गुण कापले जातात. हे खरे आहे. परंतु अशी लक्ष्ये वेगळ्या रंगाने वा खुणेने आधीच ओळखू येतात आणि सामन्यापूर्वी नेमबाज ती जागा पाहून ठेवतो. अपराधी कोण आणि निरपराध कोण हा प्रश्न शिटी वाजण्यापूर्वीच सुटलेला असतो. रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर तसा रंग लावलेला नसतो. तेथे सर्वांत अवघड काम ओळखण्याचे असते, थांबण्याचे असते. घड्याळ मात्र केवळ झाडलेल्या गोळीचा आवाज टिपते. न झाडलेल्या गोळीची नोंद त्याला घेता येत नाही. ज्याची नोंद नाही त्याला गुण नाहीत, आणि ज्याला गुण नाहीत ते अंगवळणी पडत नाही.

या कवायतींची नावे आणि त्यांचा जन्म पाहिला म्हणजे तंत्राच्या तटस्थपणाचा दावा आणखी पोकळ ठरतो. आधुनिक पिस्तूल-विद्येचे आद्य आचार्य म्हणून ज्यांचा गौरव होतो ते जेफ कूपर हे अमेरिकन नौसैनिक दलातील निवृत्त लेफ्टनंट कर्नल. १९७६ साली त्यांनी ॲरिझोना राज्यात आपली पिस्तूल-शाळा काढली. त्यांच्या नावावर असलेली एक प्रसिद्ध कवायत ‘एल प्रेसिदेंते’ या नावाने ओळखली जाते. वर सांगितलेली तीन आकृत्या आणि बारा गोळ्या यांची कवायत ती हीच. दक्षिण अमेरिकेतील एका राष्ट्राध्यक्षाच्या अंगरक्षकांना शिकवताना ती रचली गेली असे सांगितले जाते. दुसरी त्याहून प्रसिद्ध कवायत म्हणजे ‘मोझांबिक ड्रिल’. छातीत दोन गोळ्या, आणि समोरचा कोसळला नाही तर तिसरी डोक्यात, असा तिचा क्रम आहे.

मोझांबिक हे नाव कोठून आले? कूपर यांच्या कथनानुसार रूसो नावाचा एक भाडोत्री सैनिक मोझांबिकच्या स्वातंत्र्ययुद्धात पोर्तुगीजांच्या बाजूने लढत होता. लॉरेंसो मार्केस, म्हणजे आजचे मापुतो, येथील विमानतळाच्या परिसरात त्याची गाठ एका बंदूकधारी स्वातंत्र्यसैनिकाशी पडली. छातीत दोन गोळ्या लागूनही तो पुढे येत राहिला, तेव्हा रूसोने तिसरी गोळी डोक्याच्या रोखाने झाडली. ही हकीकत कूपर यांच्या कानावर आली आणि तिचा पाठ झाला. ज्या माणसाच्या मृत्यूवर हा पाठ उभा आहे त्याला त्या हकिकतीत नाव नाही, गाव नाही, आणि तो कशासाठी लढत होता हेही नाही.

तो कशासाठी लढत होता हे गोव्यातील आणि महाराष्ट्रातील समाजवाद्यांना सांगावे लागू नये. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात ज्या सत्तेला आव्हान दिले, मधु लिमये यांनी १९५५ साली ज्या सत्तेच्या हातचा मार आणि तुरुंगवास सोसला, १५ ऑगस्ट १९५५ रोजी जिच्या शिपायांनी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींना गोळ्या घातल्या, तीच पोर्तुगीज सत्ता मोझांबिकच्या जनतेच्या छातीवर बसली होती. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. मोझांबिकच्या मुक्ती आघाडीने, फ्रेलिमोने, सप्टेंबर १९६४ मध्ये लढा पुकारला आणि २५ जून १९७५ रोजी तो देश स्वतंत्र झाला. बार्देशात जन्मलेले आकिनु द ब्रागांझा हे गोमंतकीय पत्रकार त्या लढ्याशी एकरूप झाले आणि १९ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबरच विमान-अपघातात मृत्यू पावले. अशा एका मुक्तिलढ्यातील सैनिकाच्या शरीरावर झालेला प्रयोग आज जगभरच्या पोलीस दलांत निर्विकारपणे पाठ म्हणून गिरवला जातो. १९८० च्या सुमारास लॉस एंजेलिस पोलिसांच्या विशेष पथकाने ही कवायत उचलली, तेव्हा मोझांबिक या नावाला वंशद्वेषाचा वास येईल अशी शंका तेथील अधिकाऱ्यांना आली. त्यांनी नाव बदलले. कवायत तीच राहिली.

वसाहतीच्या रणांगणावरची रीत नागरी वस्तीत आली की काय होते याचा दाखला अमेरिकेनेच दिला आहे. १९८३ साली सॉल्ट लेक सिटीचे एक पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. हातात सुरा घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात धावून येऊ शकतो आणि साधारण तेवढाच वेळ शिपायाला पिस्तूल उपसून गोळी झाडायला लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. यातून धडा घ्यायचा तर तो असा घेता आला असता की, शिपायाने अंतर राखावे, आडोसा घ्यावा, सोबत्यांची वाट पाहावी. प्रत्यक्षात दशकानुदशके धडा घेतला गेला तो उलट: २१ फुटांच्या आत सुरा दिसला की गोळी झाडणे समर्थनीय. हा तथाकथित नियम टाकून द्यावा, असे २०१६ मध्ये अमेरिकेतील पोलीस प्रमुखांच्याच ‘पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम’ या संस्थेला सांगावे लागले.

दरम्यान कायदाही घड्याळाच्या मदतीला धावला होता. १९८९ साली ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला की, पोलिसाने केलेल्या बळाच्या वापराची पारख घटनास्थळी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने करावी, कारण त्याला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. येथे चक्र पूर्ण होते. सराव शिपायाला शिकवतो की विचाराला वेळ नसतो; न्यायालय म्हणते की विचाराला वेळ नव्हता म्हणून दोष नाही. तो वेळ कोणी हिरावून घेतला, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँड शहरातील एका बागेत खेळण्यातले पिस्तूल हाती असलेल्या बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पोलिसांनी गोळी घातली. पोलिसांची गाडी येऊन थांबल्यापासून गोळी सुटेपर्यंत दोन सेकंदही गेले नव्हते. गाडी थेट त्या मुलाच्या पुढ्यात नेऊन उभी करायची आणि मग निर्णयाला दोनच सेकंद मिळाले म्हणायचे, याला प्रसंगाची निकड म्हणता येत नाही. संबंधित पोलिसांवर आरोपपत्रही ठेवले गेले नाही.

वेगाच्या या उपासनेने अचूकता तरी साधते काय? फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चार पोलिसांनी गिनी देशातून आलेल्या एका निःशस्त्र तरुणावर त्याच्या घराच्या दारात ४१ गोळ्या झाडल्या. त्यांपैकी १९ त्याला लागल्या. त्याच्या हातात पैशाचे पाकीट होते. पुढल्या वर्षी चौघेही निर्दोष सुटले. एकाची गोळी सुटली की दुसऱ्याचे बोट आपोआप चाप ओढते, हे या घटनेने दाखवले. मैदानावर कमावलेली सवय भीतीच्या क्षणी अशीच माणसाच्या ताब्याबाहेर जाते.

अमेरिकेतील ही हकीकत महाराष्ट्राला परकी वाटण्याचे कारण नाही. येथे घड्याळाची जागा एका ठरीव वाक्याने घेतली आहे: ‘आरोपीने पोलिसांवर गोळीबार केला, पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या प्रत्युत्तरात तो ठार झाला.’ जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्यात झालेल्या चकमकीपासून मुंबईत जी परंपरा सुरू झाली, तिने नव्वदच्या दशकात उग्र रूप धारण केले. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ ही उपाधी वर्तमानपत्रांनी बहाल केली, चित्रपटांनी तिला पूज्य बनवले आणि मध्यमवर्गाने टाळ्या पिटल्या. कोणाच्या खात्यावर किती प्रेते याची मोजदाद धावफलकासारखी छापली गेली. मैदानावरची गुणपत्रिका आणि हा धावफलक यांचे नाते जवळचे आहे. दोहोंत गोळी झाडणाऱ्याचा क्रमांक लागतो आणि न झाडणारा गणतीतच येत नाही.

या परंपरेतील एक प्रकरण न्यायालयात शेवटपर्यंत लढवले गेले, तेव्हा क्षणार्धाच्या कथेचा बुरखा फाटला. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोवा येथे झालेल्या कथित चकमकीतील मृतास त्याच दिवशी वाशीतून उचलून आणले होते, असे पुराव्याने सिद्ध झाले. २०१३ साली सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस आरोपींची जन्मठेप कायम केली आणि खाली निर्दोष सुटलेल्या एका नामांकित माजी अधिकाऱ्यासही तीच शिक्षा सुनावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. एवढे मात्र उघड झाले की, जेथे निर्णय घेण्यास काही तास होते तेथेही कथा मात्र क्षणार्धाचीच सांगितली गेली. वेगवान गोळीचे मिथक खुनाला पांघरूण म्हणून कसे उपयोगी पडते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. जो मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोपी नाही, त्याला अटक करताना त्याचा प्राण घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही मर्यादा कायम आहे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात १६ दंडक घालून दिले. प्रत्येक चकमक-मृत्यूचा स्वतंत्र तपास व्हावा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी, आणि घटनेपाठोपाठ संबंधितांना तडकाफडकी बढती वा शौर्यपदक देऊ नये, असे त्यांत आहे. कागदावर हे सर्व आहे. पण दंडक गोळी सुटल्यानंतर लागू होतात आणि सराव त्याआधी वर्षानुवर्षे चाललेला असतो. या दोहोंच्या मध्ये जी पोकळी आहे, तेथे माणसे मरतात.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईचे पोलीस जुन्या रायफली, रिव्हॉल्व्हर आणि लाठ्या घेऊन स्वयंचलित बंदुकांसमोर उभे ठाकले. सरावाला पुरेशी काडतुसे मिळत नाहीत ही साध्या शिपायाची जुनी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. अर्धवट शिकलेला शिपाई स्वतः मरतो आणि वाटसरूलाही मारतो. म्हणून त्याला उत्तम सराव मिळालाच पाहिजे. सरावाला विरोध करणे हा समाजवादी विचार नव्हे. पोलीस शिपाई हाही शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या घरातून आलेला श्रमिक आहे. त्याला शिळ्या शस्त्रानिशी मरणाच्या तोंडी ढकलायचे, चकमकीचे श्रेय वरिष्ठाने घ्यायचे आणि खटला उभा राहिला की पिंजऱ्यात हवालदाराने उभे राहायचे, ही पोलीस दलातील वर्गव्यवस्थाच आहे.

परंतु त्या रात्रीचा दुसरा धडा विसरता येत नाही. गिरगाव चौपाटीजवळ एक हल्लेखोर पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. दुसऱ्याच्या बंदुकीची नळी सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी उघड्या हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि प्राण दिला. त्यामुळे तो हल्लेखोर जिवंत सापडला. त्याच्यावर उघड खटला चालला, कटाचे धागेदोरे जगासमोर आले आणि न्यायालयाच्या शिक्षेनुसार नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात त्याला फाशी झाली. फाशीच्या शिक्षेविषयी समाजवाद्यांत मतभेद असतील. खटल्याच्या मोलाविषयी असू नयेत. ओंबळे यांचे शौर्य कोणत्याही घड्याळात मोजता येणारे नव्हते.

तेव्हा मागणी सराव कमी करण्याची नाही. सरावात काय शिकवावे हे ठरवण्याचा अधिकार लोकसत्तेचा आहे, ही आहे. १९९० साली हवाना येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पोलिसांच्या शस्त्रवापराविषयीची तत्त्वे संमत केली. त्यांत गोळी झाडण्यापूर्वी शक्य तेथे इशारा देण्याचे बंधन आहे, आणि मन वळवणे, वाटाघाट, मध्यस्थी व जमावाचे मानसशास्त्र हे प्रशिक्षणाचे भाग असावेत असेही म्हटले आहे. त्या तत्त्वांची कसोटी महाराष्ट्राच्या चांदमारीला लावावी. शिपायाच्या परीक्षेत, हात पिस्तुलावर असताना समोरचा शरण येतो, त्याच्या हाती पाकीट निघते, मध्ये लहान मूल येते, असे प्रसंग अनपेक्षितपणे यावेत आणि न झाडलेल्या गोळीला पूर्ण गुण मिळावेत. मागे सरून आडोसा घेणाऱ्यास भित्रा न ठरवता उत्तीर्ण ठरवावे. प्रत्यक्ष कामावर झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब विधिमंडळासमोर दरवर्षी ठेवावा. प्रकाश सिंह खटल्यातील २००६ च्या निर्णयानुसार जी पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन व्हावयाची होती, त्यांना अशा घटनांत खरा अधिकार आणि स्वतंत्र तपासयंत्रणा द्यावी.

ही मागणी करण्याचा नैतिक अधिकार समाजवादी चळवळीला आहे, कारण तिने त्याची किंमत मोजली आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचेच मंत्रिमंडळ होते आणि पट्टम थाणू पिळ्ळै मुख्यमंत्री होते. पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला, माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस लोहिया त्या वेळी नैनीच्या तुरुंगात होते. त्यांनी तेथून आपल्याच सरकारच्या राजीनाम्याची आणि चौकशीची मागणी केली. मुख्यमंत्र्यांनी ती मानली नाही, पक्षात कलह माजला, पुढे पक्षच फुटला. त्या फुटीचे राजकीय हिशेब वेगवेगळे मांडता येतील. पण स्वतंत्र भारतातील सरकारने नागरिकांवर गोळी झाडली तर त्याचे उत्तर मंत्र्याने द्यायचे असते, हा दंडक त्या दिवशी घातला गेला.

त्या दंडकाची आठवण आज कार्यकर्त्यांनी गावोगाव आणि वॉर्डावॉर्डांत जागवली पाहिजे. आपल्या भागात चकमक झाली की मृत इसम गुंड होता की सज्जन, या वादात न अडकता दंडाधिकाऱ्यांची चौकशी कधी लागली, तपास कोणाकडे दिला, गोळ्या किती झाडल्या गेल्या, हे प्रश्न लेखी विचारावेत. आमदारांना ते सभागृहात विचारायला लावावेत. आणि चकमकीनंतर पेढे वाटणाऱ्या शेजाऱ्याला शांतपणे सांगावे की, ज्या हाताला न विचारता गोळी झाडण्याची सवय लागते तो हात उद्या संपावरच्या कामगारावर, मोर्चातल्या शेतकऱ्यावर आणि त्या शेजाऱ्याच्या मुलावरही तितक्याच वेगाने उठू शकतो.